‘पोराचं इंग्लिश तेवढं बघा, साहेब’

जानेवारी सुरू झाला की युनिटमध्ये रजेच्या अर्जांवर एक कारण वाढू लागतं: मुलाची बारावी, मुलीची बारावी. सीबीएसईची परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होते, महाराष्ट्र बोर्डाचीही त्याच सुमारास. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही. ज्याची रजा बसत नाही, तो मग दुसरी विनंती घेऊन येतो. फिजिक्सचं कोणी काढत नाही, गणिताचंही नाही. त्यांना क्लास लावलेले असतात. "बाकी सगळं व्यवस्थित हाय. पोराचं इंग्लिश तेवढं बघा, साहेब."

या ‘तेवढं’मागे एक समजूत आहे. गणित शिकवता येतं, इंग्रजी मात्र घरातच असावं लागतं. साहेबांच्या घरी ते आहे, आपल्या घरी नाही, म्हणून आपल्या पोराचा पेपर कच्चा. ही समजूत जवानाने स्वतःहून करून घेतलेली नाही. छावण्यांमधल्या शाळांच्या पालकसभांना मी वेगवेगळ्या राज्यांत बसलो आहे आणि एक सल्ला सगळीकडे ऐकला आहे: घरी मुलांशी इंग्रजीत बोलत जा. समोर बसलेली असते सातारा किंवा बेळगाव जिल्ह्यातल्या गावातून आलेली आई. नवरा फील्डमध्ये, ही दोन मुलांना घेऊन क्वार्टरमध्ये. तिने इंग्रजीत बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं? बहुतेकदा ती अभ्यासाबद्दल बोलणंच बंद करते. नवराही फोनवर ‘अभ्यास चाललाय ना?’ एवढं विचारून विषय संपवतो.

गंमत अशी, की सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकातला, ‘फ्लेमिंगो’मधला, पहिलाच धडा आल्फोन्स दोदे यांचा ‘द लास्ट लेसन’ आहे. 1870-71 च्या युद्धात फ्रान्स हरला, आल्सासच्या शाळांत यापुढे फक्त जर्मन शिकवायचं असा हुकूम बर्लिनहून आला, आणि एक म्हातारा मास्तर मुलांना त्यांच्या भाषेचा शेवटचा तास देतो, अशी ती गोष्ट. हा धडा शिकवणाऱ्या शाळेनेच आईला तिची भाषा बाजूला ठेवायला सांगावं!

माझं मत उलटं आहे. बारावीच्या इंग्रजीसाठी घरात इंग्रजी असण्याची गरज नाही. घड्याळ, वही आणि मराठीत ऐकून घेणारा एक माणूस असला की पुष्कळ काम होतं. असं का म्हणतो, ते पेपर उघडून बघितल्यावर कळेल.

सीबीएसईच्या ‘इंग्लिश कोअर’चा लेखी पेपर 80 गुणांचा, वेळ तीन तास. उरलेले 20 गुण शाळेकडे, ऐकणं-बोलणं आणि प्रकल्प यांचे. त्या 80 पैकी 22 गुण न पाहिलेले उतारे वाचून उत्तरं देण्याचे, 18 लेखनाचे आणि 40 धडे-कवितांचे. म्हणजे निम्मे गुण अशा मजकुरावर आहेत, जो आधी पाठ करताच येत नाही. उरलेल्या निम्म्यांतही धड्यातला एखादा तुकडा देऊन त्यावर प्रश्न असतात आणि ‘सारांश लिहा’ हा प्रकार जवळजवळ संपला आहे. महाराष्ट्र बोर्डानेही प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आणली ती याच दिशेने. तरीही आमच्या मुलांच्या टेबलावर काय दिसतं? जाडजूड गाईड, पिवळ्या मार्करने रंगवलेलं. रायफलचं पॅम्फ्लेट तोंडपाठ करून कोणाची ग्रुपिंग सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

उताऱ्यांपासून सुरुवात करू, कारण तिथे फील्डमधला बाप सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. फौजेत ऑर्डर देऊन झाली की सेक्शन कमांडरला ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावतात. त्याने माझेच शब्द पोपटासारखे म्हटले तर मला काही कळत नाही; त्याच्या शब्दांत सांगितलं, की कुठे गैरसमज आहे ते लगेच दिसतं. हेच फोनवर करायचं. मुलाने इंग्रजी उताऱ्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग पान झाकून तो काय म्हणतो ते मराठीत सांगायचं. "ते पर्यावरणाबद्दल आहे" हे उत्तर चालणार नाही. "पर्यावरणाबद्दल काय म्हणतोय तो? कशामुळे? आणि शेवटी ‘पण’ म्हणून काय सांगितलं?" हे तीन प्रश्न विचारायला बापाला इंग्रजीचा एक शब्द यावा लागत नाही. पोरगा अडखळला की समजायचं, डोळे ओळींवरून फिरले, डोक्यात काही गेलं नाही. पुन्हा वाच. नेटवर्क दहा मिनिटं मिळालं तरी एक उतारा होतो. मराठीत नीट सांगता येत नाही तो परिच्छेद इंग्रजीत समजला आहे, यावर माझा विश्वास नाही.

रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच, हा सल्लाही असाच सरसकट दिला जातो. मराठी माध्यमातून आलेला मुलगा तिसऱ्या ओळीला शब्दकोश काढतो आणि आठवड्यात पेपर रद्दीत जातो. त्याऐवजी बातमी आधी मराठीत वाचावी, मग तीच इंग्रजीत. ‘लोकसत्ता’ आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’ एकाच समूहाची वृत्तपत्रं आहेत, त्यामुळे मोठी बातमी दोन्हीकडे सापडते. काय घडलं ते आधीच माहीत असलं की नवा शब्द संदर्भावरून उलगडतो, आणि असा उलगडलेला शब्द लक्षात राहतो. क्रिकेटच्या बातमीपासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही.

आता धडे. ‘व्हिस्टाज’ या दुसऱ्या पुस्तकात पर्ल बक यांची ‘द एनिमी’ ही कथा आहे. दुसरं महायुद्ध चालू आहे. जपानमधल्या समुद्रकिनारी राहणाऱ्या डॉक्टर सादाओच्या दारात एक जखमी अमेरिकन युद्धकैदी लाटांबरोबर येऊन पडतो. डॉक्टर त्याचं ऑपरेशन करतो. नोकर घर सोडून जातात. आजारी जनरल मारेकरी पाठवण्याचं कबूल करतो आणि विसरतो. शेवटी डॉक्टरच कैद्याला होडी देऊन पळवून लावतो. गाईडमध्ये यावर एक तयार उत्तर असतं: माणुसकीला सीमा नसतात. परीक्षेत विचारतात भलतंच. जनरलच्या विसरण्यातून त्याचा स्वभाव कसा दिसतो? बायकोची, हानाची, वागणूक कुठे बदलते? ‘माणुसकीला सीमा नसतात’ हे वाक्य तिथे कितीही सुंदर अक्षरात लिहिलं तरी गुण नाहीत.

खरं तर ही कथा सैनिकाच्या मुलांनी इतरांपेक्षा चांगली लिहायला हवी. घरातल्या माणसाला विचारता येतं, "बाबा, जखमी शत्रू हातात सापडला तर तुम्ही काय करता?" जिनिव्हा करारांचा क्लास केलेला कुठलाही नाईक त्याचं उत्तर देईल: हत्यार काढून घ्यायचं, मलमपट्टी करायची, मागे पाठवायचं. तो डॉक्टर वेगळा का वागला, त्याला कशाची भीती होती, जनरलच्या विसरण्यामागे आजार किती आणि सोय किती, यावर बाप-लेकीचं मराठीत अर्धा तास बोलणं झालं, तर ती कथा पुन्हा पाठ करावी लागणार नाही. फक्त उत्तर लिहिताना बापाचे अनुभव बाजूला ठेवायचे आणि कथेतला प्रसंग पुरावा म्हणून द्यायचा. तपासणारा तोच शोधत असतो.

धडा वाचण्याची एक पद्धत मला पटलेली आहे. पहिल्यांदा गोष्ट म्हणून सलग वाचायचा, पेन्सिल हातात न घेता. दुसऱ्यांदा प्रत्येक पानाला एक ओळ, स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तिसऱ्यांदा पुस्तक बंद करून प्रश्नाचं उत्तर लिहायचं आणि मग उघडून काय सुटलं ते पाहायचं. तिसरी पायरी नकोशी वाटते, कारण तिथे आपल्याला येत नाही हे कळतं. मार्कर फिरवताना ते कळत नाही.

लेखनाच्या 18 गुणांबद्दल मात्र मला कीव येते, कारण हे सगळ्यात सोपे गुण सगळ्यात निष्काळजीपणे घालवले जातात. नोटीस 50 शब्दांत लिहायची असते: चौकट, संस्थेचं नाव, तारीख, मथळा, कोण, काय, कुठे, कधी, कोणाशी संपर्क, सही. सिग्नल मेसेज लिहिणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तिचे चार गुण, त्यातला एक निव्वळ मांडणीचा. आमची मुलं मात्र ‘सर्व विद्यार्थ्यांना कळवण्यात अत्यंत आनंद होतो की’ या वळणाने सुरू होतात आणि निम्मे शब्द स्वागतातच संपवतात. लेख, पत्र, वृत्तान्त यांचं रूप एकदा पाठ करावं. इथे पाठांतर खरंच कामाचं आहे. पुढे आठवड्याला दोन लिहावेत, घड्याळ लावून, आणि कोणाला तरी दाखवावेत.

लिहिलं की चुका होणार, आणि मराठी मुलांच्या चुका जवळजवळ ठरलेल्या असतात. आपण ‘काल गेलो होतो’ म्हणतो, म्हणून तो ‘आय हॅड गॉन’ लिहितो. तिथे साधं ‘आय वेन्ट’ हवं असतं. आपण विषया‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ चिकटतं. ‘द’ आणि ‘अ’ आपल्या भाषेत नाहीतच, म्हणून ते एकतर गायब होतात किंवा मिठासारखे सगळीकडे पडतात. ‘मला दोन भाऊ आहेत’चं ‘आय ॲम हॅविंग’ होतं. यासाठी चारशे पानांचं व्याकरणाचं पुस्तक नको. एक छोटी वही पुरे: डावीकडे आपण लिहिलेलं वाक्य, उजवीकडे बाईंनी दुरुस्त केलेलं. महिन्याभरात दिसतं की पन्नास चुका नाहीत, सात-आठच आहेत, त्याच पुन्हा पुन्हा होतात.

वेळेचा हिशेबही घरीच ठरवून घ्यावा. उताऱ्यांना 45 मिनिटं, लेखनाला 45, धड्यांना 75, आणि शेवटची 15 परत वाचायला. सीबीएसई दरवर्षी नमुना प्रश्नपत्रिका आणि तिची गुणदान योजना आपल्या संकेतस्थळावर टाकते, फुकट. ही गुणदान योजना गाईडपेक्षा कितीतरी मोलाची आहे. काही वर्षांच्या उत्तम उत्तरपत्रिकाही मंडळाने दिल्या आहेत. त्या जरूर पाहाव्यात. त्यातली वाक्यं छोटी आणि साधी असतात. अवघड शब्दांची आतषबाजी केल्याने गुण मिळतात, हा भ्रम तिथे उतरतो.

ज्यांची मुलं एनडीएच्या मागे आहेत (2022 पासून खडकवासल्याला मुलीही आहेत, तेव्हा दोघांनाही हे लागू), त्यांच्यासाठी एक वेगळा हिशेब. लेखी परीक्षा 900 गुणांची. गणित 300, सामान्य क्षमता चाचणी 600, आणि त्या 600 पैकी 200 इंग्रजीचे. गणिताचा एक प्रश्न अडीच गुणांचा, इंग्रजीचा चार गुणांचा. चुकलं तर एक तृतीयांश गुण वजा. गणिताच्या एका प्रश्नात तीन मिनिटं जाऊ शकतात. वाक्यातली चूक ओळखायला, सवय असेल तर, अर्धा मिनिट लागतं. तरी क्लासवाले आणि पालक मिळून दोन वर्षं गणितावर लावतात आणि इंग्रजीला शेवटचे पंधरा दिवस. बारावीची ती चुकांची वही इथे जशीच्या तशी चालते.

विषय फक्त मुलांपुरता नाही. दहावी करून आलेल्या अग्निवीरांना एनआयओएसमधून बारावी करता येते, आणि आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे अधिकारी होण्याची इच्छा असलेल्या जवानालाही इंग्रजीच्या पेपरमधूनच जावं लागतं. बराकीतला बावीस वर्षांचा पोरगा आणि क्वार्टरमधली सतरा वर्षांची मुलगी एकाच नोटीसवर अडतात.

म्हणून कमांडवर असलेल्या मित्रांना एक सुचवायचं आहे. फॅमिली क्वार्टरच्या भागात एखादी खोली असतेच. डिसेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी सकाळी साडेदहा ते दीड ती उघडी ठेवा. भिंतीवर घड्याळ, टेबलावर नमुना पेपर, फोन दाराबाहेर. देखरेखीला एज्युकेशन हवालदार, तो नसेल तर कुठलीही आई. पेपर वाटणं आणि वेळ सांगणं यासाठी इंग्रजी लागत नाही. लिहायला मुलं आणि परीक्षेला बसणारे जवान एकत्र बसू देत. पेपर सोमवारी शाळेतल्या बाईंकडे जातील. आठ-दहा रविवार मिळतात. आणि संध्याकाळी फोन लागला, की बापाने विचारावं, "आजच्या उताऱ्यात काय होतं, सांग बघू." मराठीत.