मडके वाजवून घ्यावे

आमच्या आजीचा एक नेम होता. पेणच्या बाजारात मडके घ्यायचे ते बोटाने वाजवून, नारळ कानाशी हलवून आणि फणस थापटून. "वरचा रंग काय बघता? आत काय आहे ते नाद सांगतो," असे ती म्हणे.

१९६५ ची दिवाळी झाली आणि जिते गावी एका पहाटे पूर्वेला इकेया-सेकी धूमकेतूचे लांबलचक शेपूट उगवले. आम्ही पोरे अंगणात धावलो. आजीने दंडाला धरून आत ओढले. "शेंडेनक्षत्र ते! बघू नये." पुढे जानेवारीत ताश्कंदहून शास्त्रीजी गेल्याची बातमी आली. "मी म्हटलं नव्हतं?" या आजीच्या सवालाला घरात कोणापाशी उत्तर नव्हते.

ते मिळायला चाळीस वर्षे लागली. ४ जुलै २००५ रोजी अमेरिकेच्या 'डीप इम्पॅक्ट' यानाने टेम्पेल-१ नावाचा धूमकेतू चक्क वाजवून पाहिला! यानातून सुटलेला सुमारे ३७० किलोंचा ठोकळा सेकंदाला दहा किलोमीटरच्या वेगाने त्यावर आदळला, आणि यान दूर राहून पाहत होते. ठोकळ्यात निम्मे तांबे. कारण धूमकेतूत तांबे सापडण्याचा संभव फार थोडा. तेव्हा उजेडाच्या पृथक्करणात आपले कोणते नि त्याचे कोणते, हा घोटाळा नको.

निघाले काय? पिठासारखी बारीक धूळ, बर्फ, कार्बनी द्रव्ये आणि चिकणमातीच्या जातीची खनिजे! म्हणजे आजीच्या मडक्याचाच भाऊबंद. युद्ध नाही, दुष्काळ नाही, कोणाचे मरण नाही. धूळ मात्र इतकी उडाली की पडलेला खड्डा यानाला दिसलाच नाही. तो पाहायला २०११ च्या फेब्रुवारीत 'स्टारडस्ट' हे दुसरे यान गेले. खड्डा भरला सुमारे दीडशे मीटरांचा.

हे सांगायला तोवर आजी राहिली नव्हती. ऐकून तिने आधी तांब्याचीच हळहळ केली असती. "मेल्यांनो, दिवाळीच्या अंघोळीचे बंब झाले असते की!" मग कदाचित म्हणाली असती, "वाजवून घेतलंत, बरं केलंत."

इकेया-सेकी पुन्हा यायला शतके लागतील. आजीचा राग नाही. पण दंड सोडवून एकदा पाहायला हवे होते, असे दर दिवाळीच्या पहाटे वाटते.