गिअरचा पुरुषार्थ

आमच्या बिद्रीत माणसाची पारख दोन गोष्टींवरून होते : एकरी ऊस किती टन काढतो आणि गाडीचा गिअर कसा टाकतो. टनांचा हिशेब कारखान्याचा काटा सांगतो. गिअरबद्दल मात्र जो तो स्वतःच सांगतो. ऑटोमॅटिक गाडीचा विषय निघाला, की टपरीवरचा सर्वांत तरुण पंच चहा खाली ठेवून निकाल देतो, “ती बायकांची गाडी, काका! शर्यतीत हातच्या गिअरचा नाद करायचा न्हाई!”

या निकालावर आमचं अपील आहे.

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ रस्ता आणि पाव मैल, म्हणजे 402 मीटर. वळण नाही, चढ नाही, सबबही नाही. हातानं गिअर बदलायचा तर क्लच दाबा, दांडा ओढा, क्लच सोडा. तेवढा वेळ इंजिन आणि चाकं यांचा अबोला! दोन क्लचच्या गाडीत एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. पहिली पंगत उठायच्या आत दुसरीची पानं मांडलेली. फोक्सवॅगननं 2003 साली गोल्फ आर 32 मध्ये ही सोय रस्त्यावर आणली. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल गाड्या तर याहून पुढच्या. 1000 फुटांची शर्यत, आणि पुढं जायला गिअर एकच. आता पुरुषार्थ ठेवायचा कुठं?

हातच्या बाजूनंही एक साक्षीदार आहे. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओतून जी स्वस्त ऑटोमॅटिक जात आली, तिच्यात गिअरपेटी जुनीच, क्लच दाबणारा पाय आणि दांडा ओढणारा हात तेवढे यंत्राचे. तो पाय कचेरीतल्या फायलीसारखा सावकाश हलतो. तिला आमचा पंच खुशाल हरवील. पण पेंगणाऱ्या पैलवानाला चीत करून कुणी हिंदकेसरी होत नाही.

मग हातची कला वाया गेली? छे! ती आपण भलत्या ठिकाणी शोधतो. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याच्या गळीत हंगामात दोन भरल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर थांबलेला बघा. ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो, क्लच केसाकेसानं सोडतो, आणि एवढा डोंगर मागं न सरकता, एक मोळी न पाडता पुढं निघतो. तिथं घाई केली तर इंजिन बंद पडतं. त्याला कुणी टाळी वाजवत नाही. उलट मागचे हॉर्न वाजवतात.

अशाच रस्त्यावर रात्री एखाद्याला शर्यतीची हुक्की येते, आणि पुढं मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असते. त्या क्षणी ऑटोमॅटिक आणि हातचा हे दोन्ही पक्ष एकदमच हरतात.

तेव्हा पोरांनो, शर्यत लावायची तर बंद धावपट्टीवर लावा आणि तिथं यंत्राला जिंकू द्या. ट्रॉलीवाल्यांनो, मागं लाल दिवा लावा. आणि मनगटाचीच परीक्षा द्यायची खुमखुमी असेल, तर हंगामात या. ट्रॉली भरलेलीच असते.