ऑइल फिल्टर बदलला म्हणे! तुमच्या गाडीला तो असतो का?

आष्टीपासून परळीपर्यंत गावोगावी दिसणाऱ्या स्प्लेंडर प्लसला बदलायचा कागदी ऑइल फिल्टर मुळात नसतोच. तिच्या इंजिनात जाळी आणि फिरता सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो. दोन्ही उघडून साफ करायचे. तरीही बिलात ‘ऑइल फिल्टर’ दिसला, तर कोणता ते विचाराच. ज्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात, तिथे शे-दोनशे रुपयेही थोडे नसतात.

पल्सर १५०, बुलेट यांचे वेगळे. त्यांना कागदी फिल्टर लागतो आणि तो रॉकेलने धुऊन पुन्हा बसवणे ही बचत नव्हे. मात्र शोरूममधूनच घ्यावा असेही नाही. पुस्तिकेतल्या पार्ट नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्याच मॉडेलसाठी दुसऱ्या नामांकित कंपनीने बनवलेला फिल्टर चालतो. ओ-रिंगही नवीच टाका.

पाकिटावर एमआरपी, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क क्रमांक २०११च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार बंधनकारक आहे. तो नसेल तर माल तिथेच परत करा. बिल मागायला आपल्याकडे उगाच संकोच वाटतो. एमआरपीपेक्षा जास्त घेतले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तेव्हा तेच बिल लागते.