आकडा चव्हाट्यावर येऊ द्या



खरिपाच्या तोंडावर दरसाल दिल्लीहून आकडा येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो असा आला : मध्यम धाग्याचा कापूस क्विंटलला ७७१० रुपये, लांब धाग्याचा ८११०, संकरित ज्वारी ३६९९, मालदांडी ३७४९. त्याच्या पोटात दुसरा आकडा होता, उत्पादन खर्चाचा. कापसाचा ५१४० आणि ज्वारीचा २४६६. त्याची दीडपट केली की ७७१० आणि ३६९९ येतात. गुणाकारात चूक नाही.

आमचा प्रश्न गुणाकाराचा नाहीच. हे ५१४० रुपये कोणाच्या रानातून आले, हा प्रश्न आहे.

ते आपल्याच रानातून येतात, हे पुष्कळांना माहीत नसते. महाराष्ट्रात पिकांच्या खर्चाची नोंद ठेवण्याचे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. निवडक गावांतल्या निवडक शेतकऱ्यांच्या घरी विद्यापीठाचा माणूस वर्षभर जातो. नांगरट किती, बी किती, खताच्या पिशव्या किती, खुरपणीला बाया किती, बैल किती दिवस राबले, हे सगळे वहीत उतरवतो. वही विद्यापीठात जाते, तिथून दिल्लीला आणि मग कृषिमूल्य आयोगापुढे. साऱ्या राज्यांच्या वह्यांची सरासरी निघते. आपल्या घामाचा हिशेब आपल्या ओसरीवर सुरू होतो आणि आपल्याला न सांगता संपतो.

सरासरीत काय होते ते पाहा. समजा, एका ओलिताच्या एकराला ३५ हजार खर्च आला आणि कापूस १० क्विंटल झाला. क्विंटलला खर्च ३५०० रुपये. शेजारच्या राज्यात एका कोरडवाहू एकराला २४ हजार खर्च आला आणि कापूस झाला ४ क्विंटल. क्विंटलला खर्च ६००० रुपये. दोघांचा मिळून खर्च ५९ हजार, माल १४ क्विंटल. सरासरी ४२१४ रुपये. त्याची दीडपट ६३२१. कागदावर दोघांनाही दीडपट भाव मिळाला. कोरडवाहूवाल्याच्या हातात मात्र क्विंटलमागे ३२१ रुपये राहिले. पावसाने ताण दिला आणि ४ चे ३ क्विंटल झाले, तर त्याचा खर्च ८००० वर जातो आणि तो बुडतो. हे आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतले आहेत, पण रीत हीच आहे. महाराष्ट्राचा बहुतांश कापूस पावसावर आहे. तो सगळ्या देशाच्या सरासरीत विरघळून जातो.

खर्चाच्या व्याख्येचाही घोळ आहे. रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी एवढेच धरले तर खर्च एक येतो. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज मिळवले की तोच खर्च बराच वाढतो. विद्यापीठ दोन्ही आकडे काढते. दीडपट होते ती फक्त पहिल्याची. आणखी विचारण्यासारखे पुष्कळ आहे. वेचणीची मजुरी कोणत्या दराने धरली? ज्वारीच्या खर्चातला कडब्याचा वाटा कोणत्या बाजारभावाने वेगळा काढला? रानडुकरांनी खाल्लेले कुठे मांडले? विचारायचे कोणाला? आकडा काढणारा विद्यापीठात, भाव ठरवणारा दिल्लीत, मागणी मांडणारा मंत्रालयात, आणि आपण बांधावर. हे चौघे एका मांडवाखाली क्वचितच बसतात.

आता कोल्हापूरकडे पाहू. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला वाटेल, कोल्हापूरचा आपल्याशी काय संबंध? ते उसाचे, गुळाचे, पाण्याचे गाव. खरे आहे. पण उसाच्या भावाचे भांडण तिथे कसे चालते हे आपण शिकण्यासारखे आहे. गाळप हंगाम सुरू होण्याआधी शिरोळ तालुक्यात जयसिंगपूरला ऊस परिषद भरते. हजारो शेतकरी मैदानात बसतात. साखरेचा उतारा किती, साखर किती रुपयांनी गेली, तोडणी-वाहतूक किती कापली, याची जाहीर चिरफाड होते आणि मागणीचा आकडा तिथेच पुकारला जातो. नेत्यांविषयी ज्याचे त्याचे मत असो. पण मुंबईत साखर कारखानदारांना आणि मंत्र्यांना त्या मैदानावरच्या आकड्याला उत्तर द्यावे लागते. का? कारण कोल्हापूरच्या ऊसवाल्याला स्वतःचा हिशेब पाठ आहे. १०.२५ टक्के उताऱ्याला दर किती आणि पुढच्या प्रत्येक पॉइंटला किती, हे चहाच्या टपरीवरचा पोरगाही सांगतो. कापूसवाल्याला रुईच्या उताऱ्याचा असा हिशेब कोणी सांगितला आहे?

ही रीत जुनीच आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. तो नुसता छापायला ठेवला नाही. त्यातले भाग गावोगाव लोकांपुढे वाचून दाखवले आणि बडोद्याला सयाजीराव महाराजांपुढेही वाचले. शेतकऱ्याचे कर्ज, सारा, वाहून जाणारी माती, बांधबंदिस्ती, तळी यांचा तो अभ्यासच होता. आधी ज्याचा विषय त्याला ऐकवला आणि राज्यकर्त्यालाही ऐकवला. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटपुढे पुण्यात ते शेतकऱ्याच्या वेशात उभे राहिले तेही याचसाठी. छत्रपती शाहू महाराजांच्या कोल्हापुरात सत्यशोधकांनी हीच रीत पुढे चालवली. १९६२ साली तिथे शिवाजी विद्यापीठ झाले. शेती महाविद्यालय आहे, शाहू स्मारक भवनासारखे सभागृह आहे, व्याख्यान ऐकायची सवय असलेली माणसे आहेत. जे नाही ते एवढेच : त्या सभागृहात जतचा, आटपाडीचा, सांगोल्याचा ज्वारीवाला नाही आणि यवतमाळचा कापूसवाला नाही.

अभ्यास आणि राज्यकर्ता यांची गाठ पडली म्हणजे काय होते, त्याचा दाखला कोल्हापूरच्या शेजारीच आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले. मागेल त्याला काम द्यायचे हा विचार त्यांनी तासगाव तालुक्यात करून पाहिला. त्याच काळात, १९७१ साली, पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास पुढे ठेवला आणि कामाची हमी हाच उपाय मांडला. १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या बायांनी मोर्चे काढले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून लागू झाला. अभ्यास, सत्ता आणि रस्त्यावरची माणसे या तिघांची गाठ पडली म्हणून झाला.

गाठ पडली नाही म्हणजे काय होते, हे कापूसवाल्याला सांगायला नको. पहिल्या पिढीच्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे गुजरातेत २०१० साली कंपनीनेच कबूल केले. दुसऱ्या पिढीच्या बीटीवरही अळी जगते, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना २०१५ च्या सुमारास दिसून आले होते. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा, कामगंध सापळे लावा, बांधाला साधे बी पेरा, हे उपायही माहीत होते. आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडून पाहिली तर आत अळी. शास्त्रज्ञांना ठाऊक होते, बांधावरच्या माणसाला नव्हते. मधली दोन वर्षे ते ज्ञान कुठे होते? इंग्रजी कागदात. ते अकोल्याला, परभणीला, यवतमाळला भर सभेत, पालकमंत्र्यांना समोर बसवून मराठीत सांगितले असते, तर सगळेच वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. पण कोणाला 'माहीत नव्हते' म्हणता आले नसते.

व्याख्यानाने भाव मिळत नाही, हे आम्हालाही कळते. दांडेकर, देऊस्कर, देशमुख यांच्या समितीने १९७९ साली सांगितले की कालव्याचे पाणी आठमाही द्या, म्हणजे ते जास्त शेतकऱ्यांच्या हंगामी पिकांना पोचेल. पंचेचाळीस वर्षे उलटून गेली, तरी कालव्यावरचा ऊस हटलेला नाही. कोल्हापूरच्या ऊसवाल्या भावांना हे ऐकायला आवडणार नाही, पण कोरडवाहू भावांच्या पत्रकात ते लिहिणे आम्हाला भाग आहे. पुराव्यामागे माणसे उभी नसली की पुरावा कपाटात राहतो. आणि माणसे उभी असून हातात पुरावा नसला की निवेदन घेतले जाते, फोटो निघतो, आणि काम तिथेच संपते. दोन्ही लागतात.

विद्यापीठातल्या मंडळींशी आमचे भांडण नाही. त्यांच्यातले पुष्कळजण आपल्याच घरांतून गेले आहेत. त्यांचा निष्कर्ष आमच्या विरुद्ध गेला तरी तो आम्ही ऐकून घेऊ. एखाद्या पिकाचा खर्च आम्ही सांगतो त्याहून कमी निघाला, तर तेही त्यांनी तोंडावर सांगावे. फक्त पाठीमागे सांगू नये.

म्हणून जिल्हा बैठकांपुढे आम्ही हे ठराव ठेवतो :

१. पिकांच्या खर्चाचा राज्याचा आकडा दिल्लीला जाण्याआधी विद्यापीठाने तो जाहीर सभेत, मराठीत, कोरडवाहू आणि ओलित वेगवेगळे करून वाचून दाखवावा.

२. अशी पहिली सभा कोल्हापुरात व्हावी, कारण ऐकण्याची आणि प्रश्न विचारण्याची सवय तिथे आहे. नंतर अकोला, परभणी, जळगाव आणि सोलापूर येथे.

३. कृषिमंत्री, सचिव आणि जिल्ह्यातले आमदार यांनी व्यासपीठावर न बसता समोर बसावे. हारतुरे नकोत. व्याख्यान एक तास, प्रश्न दोन तास.

४. किडीचा, बियाण्याचा किंवा पाण्याचा धोका शास्त्रज्ञांना दिसला, तर तो त्याच हंगामात लोकांपुढे सांगण्याची जबाबदारी विद्यापीठावर असावी.

आणि एक काम आपले. बैठकीला येताना प्रत्येकाने यंदाच्या एका एकराचा खर्च लिहून आणावा. घरच्या बाईला विचारून लिहावा, कारण वेचणीचा आणि खुरपणीचा खरा हिशेब तिलाच ठाऊक असतो. साधी वही चालेल. विद्यापीठाचा आकडा ज्या दिवशी सभेत वाचला जाईल, त्या दिवशी आपल्या हातात आपला आकडा पाहिजे.