लेखकाने गप्प बसावे

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेने एक साधी, पण भल्याभल्यांना घाम फोडणारी रीत रूढ केली: कथा आधी सगळ्यांना वाचायला द्यायची आणि चर्चेच्या दिवशी आपण तोंड मिटून बसायचे. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ ही पळवाट बंद. पुस्तकासोबत लेखक काही वाचकाच्या घरी जात नाही. विद्यापीठाच्या उन्हाळी लेखन महोत्सवात अशाच चर्चेची टेबले हौशी प्रौढांसाठीही मांडली गेली. परदेशी लेखकांसाठी तिथलाच १९६७ पासूनचा उपक्रम वेगळा. आपले कवी दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात त्यात होते. कार्यशाळेच्या रीतीवरचा एक आक्षेप मला पटतो: दहा जणांना खटकलेली प्रत्येक ओळ खोडली, तर कथा गुळगुळीत होते. तरी कोणी खर्डा वाचून खरे बोलते, हे थोडे नाही. आपली मराठी साहित्य संमेलने तर १८७८ पासूनची. ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, ठराव, कविसंमेलन, सगळे यथासांग. पण कच्च्या लिखाणावर बोलणे क्वचितच. आयोजकांनो, पुढच्या वेळी मांडवामागे एक खोली, दहा खुर्च्या आणि नवोदितांच्या कथा एवढी सोय करा. वेळ हवा असेल, तर सत्कार कमी करा.