तीन साते आणि उघडी कडी

गॅदरिंगच्या आधी हॉस्टेलवर रात्री-बेरात्री जे बोललं जातं ते सकाळी कोणाच्या लक्षात राहत नाही. माझं एक वाक्य मात्र इतकी वर्षं झाली तरी मला विसरता येत नाही. ते होतं, “अरे, ट्रिपल सेव्हन देऊन टाक, विषय संपव!”

गोष्ट २००८ सालची. मी तेव्हा याच कॉलेजात फायनल इयरला होतो. आज इथेच लॅबमध्ये उभा राहून तुम्हाला शिकवतो. गॅदरिंगची वेबसाइट आम्ही स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ठेवली होती. पीएचपीतला साधा फॉर्म. स्पर्धकांनी नाव आणि मोबाईल नंबर भरायचा, फोटो चढवायचा. माझ्या विंडोजच्या पीसीवर सगळं झकास चालत होतं. सर्व्हरवर गेल्यावर मात्र फोटो म्हटलं की ‘परमिशन डिनाइड’.

साइट सांभाळणारा सेकंड इयरचा मुलगा रात्री साडेअकराला माझ्या खोलीवर आला. “दादा, काहीच सुचत नाहीये.” माझं सबमिशन होतं. मान वर न करता मी ते वाक्य फेकलं. त्याने फाइलझिलात अख्खी साइट सिलेक्ट केली, ७७७ लिहिलं आणि आतल्या सगळ्या फोल्डरांना, फाइलींना तेच लावायची टिकही केली. फोटो जायला लागले. त्याने मला कटिंग पाजला.

चौथ्या दिवशी मुख्य पानावर आमच्या पोस्टरच्या जागी कुणाचा तरी काळा झेंडा आणि शिव्या! पान परत लावायला अर्धा तास लागला. खरी धडकी वेगळीच होती. आमच्याच सोयीसाठी स्पर्धकांच्या नावा-नंबरांची यादी आम्ही त्याच साइटवर ठेवली होती. त्यात लेडीज हॉस्टेलच्या मुलींचेही नंबर होते. ती कोणी उतरवून घेतली का, याचं उत्तर आम्ही कोणालाच देऊ शकलो नाही. मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, “या परमिशन कोणी दिल्या?” तो मुलगा म्हणाला, “मी.” माझं नाव त्याने घेतलं नाही. आणि मी? मी गप्प बसलो.

आता मुळात अडचण काय होती ते बघू. त्या तीन आकड्यांतला पहिला मालकासाठी, दुसरा ग्रुपसाठी, तिसरा बाकी सगळ्यांसाठी. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १ (फोल्डरच्या बाबतीत हा १ म्हणजे आत शिरायची मुभा). बेरीज करायची. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणं आणि आत शिरणं. ७७७ म्हणजे यावं, लिहावं, पुसावं, कोणीही.

आमचा फोल्डर एफटीपीने चढवलेला, म्हणून त्याचा मालक आमचा अकाउंट. पण त्या सर्व्हरवर पीएचपी चालायचं अपाचेच्या पोटात, अपाचेच्या युजरने. त्या युजरचं नावच ‘नोबडी’! आमच्या फोल्डरच्या लेखी हा नोबडी ‘बाकी सगळ्यांत’ मोडत होता, म्हणून त्याला लिहू दिलं नाही. म्हणजे सर्व्हर बिघडलेला नव्हता. तो त्याला सांगितलेलं कामच करत होता.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका मशीनवर शेकडो गिऱ्हाइकं, आपल्या हॉस्टेलसारखंच. ‘बाकी सगळे’ म्हणजे अख्खं हॉस्टेल. रूममेटकडे किल्ली नाही म्हणून आपण दाराची कडीच काढून ठेवतो का?

त्यात आमच्या फॉर्मने आलेली फाइल फोटो आहे की नाही हे तपासलंच नव्हतं. कुणीतरी फोटोऐवजी पीएचपीची फाइल चढवली आणि ब्राउझरमधून उघडली. ती नोबडी म्हणूनच चालली. फक्त फोटोंचा फोल्डर मोकळा असता, तर तिची खरडपट्टी तिथेच थांबली असती. आम्ही मुख्य पानासकट सगळं मोकळं केलं होतं.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, एरर नीट वाचा. फोटो गेला नाही म्हणजे परमिशनच नडली असं नाही. पीएचपी प्रत्येक अपलोडबरोबर एक एरर कोड देतं. १ आला तर फाइल ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठी आहे. ही मर्यादा मुळात २ एमबी असते आणि मोबाईलचा फोटो ती सहज ओलांडतो. ६ म्हणजे तात्पुरता फोल्डरच सापडत नाही, ७ म्हणजे डिस्कवर लिहिता आलं नाही. कोड ० आहे, पण फाइल आपल्या फोल्डरात हलवताना अडते, तेव्हा परमिशनकडे वळा.

दुसरं, पीएचपी कोणत्या युजरने चालतंय आणि फोल्डरचा मालक कोण, हे बघा. दोन्ही एकच असतील तर फोल्डरला ७५५ आणि फाइलींना ६४४ पुरतं. आज बहुतेक होस्टिंगवर पीएचपी तुमच्याच अकाउंटने चालतं, त्यामुळे ७७७ ची गरजच उरत नाही. एसयूपीएचपी किंवा एसयूएक्झेकसारख्या व्यवस्थेत तर ७७७ दिलं की उलट ५०० ची एरर येते. मालकच चुकीचा असेल तर तो बदलायचा अधिकार आपल्याकडे नसतो. होस्टिंगवाल्याला सरळ लिहा. आणि नोबडीशिवाय गत्यंतर नसेलच, तर एकच फोल्डर मोकळा करा, तिथे स्क्रिप्ट चालणं बंद करा आणि फाइलीला नाव व एक्स्टेन्शन तुम्ही द्या, पाठवणाऱ्याचं ठेवू नका.

“सर, हे सगळं ठीक आहे, पण गॅदरिंग उद्यावर आलं की वेळ कुठे असतो?” हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. खरं सांगतो, वर सांगितलेलं तपासायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि ‘तात्पुरतं’ दिलेलं ७७७ परत काढल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. फोटो जायला लागले की सगळे झोपायला जातात.

यात आम्हा शिकवणाऱ्यांचीही चूक आहे. प्रोजेक्टच्या डेमोला आम्ही ‘चालतंय का’ एवढंच विचारतो. चाललं की मार्क. का चालतंय, हे विचारायला व्हायवात वेळ नसतो. मग मुलांनी सीएचमॉड ७७७ मंत्रासारखं पाठ केलं तर नवल काय? यंदापासून माझ्या लॅबमध्ये ज्याच्या प्रोजेक्टात तीन साते दिसतील, त्याने कारण तोंडी पटवून द्यायचं आहे. सहकाऱ्यांनीही हे करून पाहावं. आणि सीनिअर्सना विशेष विनंती. ज्युनिअर खोलीवर येतो तेव्हा तुमचा शब्द तो ब्रह्मवाक्य धरतो. दहा मिनिटं देता येत नसतील तर ‘उद्या ये’ म्हणा. मान वर न करता उत्तर देऊ नका.

त्या मुलाला मी बऱ्याच वर्षांनी फोन केला. म्हटलं, त्या दिवशी मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं रे. तो हसला. म्हणाला, “जाऊ दे दादा. सांगितलं तू असशील, पण टिक तर मीच केली होती ना.”

टिक त्याची होती, हे खरं. पण कडी काढायला मी सांगितलं होतं, आणि ते मी आज पहिल्यांदा छापील अक्षरांत कबूल करतोय. बघा, पटतंय का.