प्रवास आपला, टिपण कोणाचे?

सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवी आणि परळ जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्याचे हे काम. गाड्यांना पर्यायी रस्ते ठरवून दिले गेले. आमच्या गटातल्या एका बाईने मात्र विचारले, "सासूला केईएमला न्यायचे, तिला जिने चढवत नाहीत. टॅक्सीचे पैसे कुठून आणू? आणि हे विचारायचे तरी कोणाला?"

तिच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे नेमके उत्तर नव्हते. लोकल केंद्राची, एसटी राज्याची, बेस्ट महापालिकेची, आणि हा पूल रेल्वे व एमएमआरडीए यांच्या मध्ये. समाजकार्याच्या शिक्षणात दोन वर्षे मी क्षेत्रकार्य केले. वस्ती, बालगृह, रुग्णालय, समुपदेशन केंद्र सगळे झाले. परिवहनाचे कार्यालय किंवा आमदाराचे कार्यालय कधी वाट्याला आले नाही. एका सुट्टीत सरकारी कार्यालयात महिनाभर इंटर्नशिप केली, तीही बिनपगारी. फायलींना नंबर घातले. बैठकीला मुलगे बसत, मी बाहेर झेरॉक्स काढत असे. पासाचे आणि डब्याचे पैसे आईने दिले. जिची आई देऊ शकत नाही, ती मुलगी अर्जच करत नाही.

संधी अजिबात नाहीत असे नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप आहे, मानधनही मिळते. पण वयाची अट २१ ते २६. नेमक्या याच वर्षांत मुलींची लग्ने होतात, बाळंतपणे होतात. तिशीत पुन्हा शिकायला उभी राहिलेली बाई पहिल्याच अटीत बाद! नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधानमंडळातर्फे विद्यार्थ्यांचा संसदीय अभ्यासवर्ग भरतो, तो मुख्यतः राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन शिकणाऱ्यांसाठी. वस्तीत काम करणारी विद्यार्थिनी तिथे का नको?

हा केवळ करिअरचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचा प्रवास विचारला होता. पण मुलाला शाळेत सोडून, रेशन घेऊन, दवाखान्यात डोकावून कामावर पोचणाऱ्या बाईचा तुकड्यातुकड्यांचा प्रवास त्या रकान्यात मावत नाही. जे मोजले जात नाही, ते धोरणाच्या टिपणात येत नाही. टिपण लिहिणाऱ्या टेबलाशी तो प्रवास जगलेली कोणी बसली, तर निदान प्रश्न तरी विचारला जाईल.

विचारून काय होते, असे कोणी म्हणेल. २९ सप्टेंबर २०१७ ला याच स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. पूल अपुरा असल्याची पत्रे खासदारांनी आधीच दिली होती. पत्र देऊन काम संपत नाही. त्याचा तारांकित प्रश्न करणे, मिळालेले उत्तर तपासणे, मंजूर पैसा कुठे अडला ते शोधणे, पुढच्या अधिवेशनात पुन्हा उभे राहणे, हे चिकाटीचे काम असते. लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात ते करायला माणसे कमी पडतात. शिकलेली, प्रश्नाशी बांधलेली मुलगी ते करू शकते.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. समाजकार्य महाविद्यालयांनी बेस्ट, एसटी, एमएमआरडीए आणि आमदारांची कार्यालये क्षेत्रकार्याची ठिकाणे करावीत. इंटर्नला मानधन आणि प्रवासखर्च मिळावा, आणि शिक्षणात खंड पडलेल्या बायकांना वयात सूट मिळावी. प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीची माहिती पहिल्याच दिवशी द्यावी. २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात.

आपल्याकडेही काम आहे. महिला धोरण आणणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९९४ साली. ते आपसूक आले नाही. त्यामागे चळवळीचा रेटा होता. आता आपल्या गटात येणाऱ्या विद्यार्थिनींना मोर्चाबरोबर अर्थसंकल्प वाचायलाही शिकवू या. आपल्या आमदाराला विचारू या: तुमच्या कार्यालयात आमची एक मुलगी घ्याल का? झेरॉक्ससाठी नव्हे, प्रश्न लिहिण्यासाठी.